अंथरूण पाहून

वरच्या पलंगावर मी, खाली बिजुमोन.
रात्री सव्वाबाराला सुरू होतं.
पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाला लागून,
कुणीतरी सुतळी ओढतंय.
मुंग्या नव्हेत, मुंग्या मला माहीत आहेत.
दुखणंही नव्हे, दुखलं असतं तर बाम होता.
हलवले की थांबतं.
थांबलं की हलवावे लागतात.

लहानपणी औशाला आई मांडीवर चापट मारायची,
बसल्या जागी पाय हलवू नये, घरात कर्ज येतं.
कर्ज आधी आलं, आई,
व्हिसाच्या कागदाला टाचून.
पाय आत्ता आत्ता हलायला लागलेत.

सोहार बंदरात मी क्रेनवर असतो.
बेचाळीस मीटर उंच, काचेच्या डब्यात,
पायाखालीही काच.
खाली बघणं हेच माझं काम.
मे महिन्यात मात्र
खाली कंटेनर नसतानाही बघत बसायचो.
वायरलेसवर फोरमन ओरडायचा,
सातारदेकर, झोपला काय?
झोपलो नव्हतो.
बघत होतो.

मग गोळी आली. रात्री एक, जेवणानंतर.
तिसऱ्या आठवड्यात खालची जमीन
पुन्हा नुसती जमीन झाली.
हे मी कुणाला सांगितलं नाही,
हेमांगीला तर नाहीच.
ती विचारते, झोप लागते ना?
मी म्हणतो, अंथरुणाला पाठ टेकली की.
पाठीपुरतं ते खरं आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
पसरतो. अडीच फूट रुंदी, तेवढेच.
पण पसरलेले पाय तिथे राहावेत कसे
ते म्हणीत नाही.

दोन वाजता चपला हातात घेऊन खाली उतरतो.
मासळीबाजार बंद, मांजरं जागी,
समुद्र ओल्या घोंगड्यासारखा अंगावर.
जून आहे, रात्रीही पस्तीस.
चाललं की पाय शहाण्यासारखे वागतात,
जणू त्यांना एवढंच हवं होतं.
किल्ल्याच्या वळणावर पोलिसांची गाडी थांबली.
वेन रायिह? कुठे निघालास?
पाय मोकळे करायला, हे अरबीत कसं म्हणायचं?
पायांकडे बोट दाखवलं. मग दोन्ही हातांनी
काहीतरी सोडून दिल्यासारखं केलं.
तो माझ्या कार्डाकडे बघत राहिला बराच वेळ,
म्हणाला, घरी जा.
कुठल्या, ते नाही म्हणाला.

पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर अफाफ, सुदानच्या,
त्यांचं हिंदी माझ्याहून बरं.
गोळी आधी की पाय आधी?
मी बोटांवर मोजलं. गोळी सोळा एप्रिल,
नव्हे, मे. सोळा मे.
पाय जूनच्या पहिल्या शुक्रवारी.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
होतं असं, म्हणाल्या, काहींना,
या गोळ्यांनी.
मग बंद करू?
मनाने नाही. हळूहळू बदलू.
बंद केल्यावर खाली बघाल का, हे त्यांनी विचारलं नाही.
मी सांगितलं.
माझाच आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला,
मराठी हेल असलेल्या हिंदीत.

रक्त घेतलं. दोन दिवसांनी रिपोर्ट:
लोखंड कमी.
मला हसू आवरेना.
दिवसाला तीनशे डबे लोखंड उचलणारा माणूस,
लोखंडावर बसतो, लोखंडावर निजतो.
अफाफबाईंना हसण्याचं कारण सांगितलं,
त्याही हसल्या, पण प्रिस्क्रिप्शन लिहीत लिहीत.

आता काळी गोळी सकाळी, संत्र्याच्या रसाबरोबर.
जुनी अर्धी. नवीन अजून यायची आहे मस्कतहून.
पाय थांबलेत असं नाही.
काल एक वाजेपर्यंत निजले,
परवा मुळीच नाही.
एखाद्या रात्री मी घाबरतो,
पाय शांत झाले आणि बाकीचं परत आलं तर?

बिजुमोनने काही विचारलं नाही कधी.
त्याची पहाटे चारची पाळी,
माझ्या हलण्याने त्याचाही पलंग रात्रभर करकरतो.
आज ड्यूटीवरून आलो तर
दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा, चार घड्या घालून,
पलंगाच्या एका पायाखाली सारलेला.
मी वर चढून हलवून पाहिलं.

आवाज येत नाही.